बुचाची काजळी

शिरू,

माझ्या लिहिण्यातल्या चुका आणि हे वेडंवाकडं अक्षर पोटात घाल. तुझ्या सईच्या शाळेची जुनी वही घेतली आहे. इथल्या जर्मन वह्यांच्या रेघा फार जवळजवळ असतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. चौथीनंतर मी जे काही लिहिलं ते तुला हॉस्टेलवर पाठवलेली पत्रं. ती तू लाल पेनाने सुधारून सुट्टीत परत आणायचास आणि म्हणायचास, "अक्का, दहापैकी तीन." मी हसायचे. आता लाल पेन घेणारा कुणी नाही, म्हणून धीर करून लिहिते आहे.

तुला जाऊन महिना उलटून गेला. सई शाळेत आहे. तुझी वैशाली पुन्हा ऑफिसला जाऊ लागली आहे. दुपारी घरात मी असते आणि तुझा तो प्रोजेक्टर. त्याच्यावर मी चादर टाकली आहे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं सगळे सांगतात. मी चांगलं बोलायला बसलेली नाही. मी तुझ्यावर रागावले आहे. तू होतास तेव्हाच रागवायला हवं होतं. तेव्हा मी ताटं वाढत राहिले.

तो प्रोजेक्टर तू फ्लोमार्क्टमधून आणलास तेव्हा मी इतकी खूश झाले होते ते तुला आठवत असेल. कुठल्या तरी म्हाताऱ्याने जुन्या बाजारात तो आणि बरोबर फिल्मच्या डब्यांचं खोकं तुला देऊन टाकलं होतं. पट्टा कुजलेला, दिवा मंद झालेला. तीन रविवार तू जमिनीवर मांडी घालून बसलास. शेवटी माझ्या शिलाई मशीनचा जादा पट्टा कापून त्याला बसवलास आणि चाक फिरायला लागलं तेव्हा ओरडलास, "अक्का, त्सुफेनहाउझेनच्या फॅक्टरीतले सगळे इंजिनियर एकीकडे आणि तुझ्या मशीनचा पट्टा एकीकडे!" फॅक्टरीतून थकून आलेला तू त्या दिवशी सईपेक्षा लहान दिसत होतास.

मग पडदे ओढून भिंतीवर पहिली फिल्म लावलीस. काळीपांढरी, आवाज नाही. एक गोल तोंडाचा प्राणी कड्यावरून पुढे चालत जातो, खाली बघतो, मग पडतो. मीही हसले. खोटं का सांगू? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या डब्यात ते होतं. बॉम्ब फुटतो, धूर जातो, आणि मघाचाच गोरा माणूस काळा झालेला असतो. नुसता काळा नाही. ओठ जाड पांढरे, डोळे गरगरीत, केसांना चार गाठी. एवढं झाल्यावर तो वेडगळासारखा नाचतो. बॉम्ब लागला तर माणूस मरतो, निदान भाजतो. इथे तो काळा होतो, आणि तोच विनोद. पुढे एक जाडी काळी स्वयंपाकीण येते, कढईवरून उड्या मारते. तू मला म्हणालास, "अक्का, पोळी करपली की तू अश्शीच नाचतेस."

वैशाली हसली, सई हसली. मी पदर तोंडाला लावून हसल्यासारखं केलं आणि आत जाऊन कुकर लावला. कुकर लावायची वेळ झालेली नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या सेलामबद्दल मला तुझ्याशी बोलायचं होतं. बोलले ते अर्धवट राहिलं. एरिट्रियाहून आलेली ती बाई आणि मी, दोघींनाही जर्मन येत नव्हतं, म्हणून आमचं जमलं होतं. ती तिची आंबट, जाळीदार पोळी आणायची, मी लसणाची चटणी द्यायचे. ती म्हणायची "गूट", मी म्हणायचे "गूट", आणि दोघी जिन्यात उभ्या राहून उगाच हसायचो. पाच वर्षांत या देशात माझी मी मिळवलेली एकच मैत्रीण. बाकी सगळी माणसं तुझी होती.

त्या रविवारी ती माझा स्टीलचा डबा परत द्यायला वर आली. सई जिन्यात खेळत होती, दार उघडंच होतं. भिंतीवर तेव्हा कमरेला गवत बांधलेले, केसांत हाड खोवलेले चार काळे नाचत होते आणि एका गोऱ्या शिकाऱ्याला पातेल्यात बसवून खालून जाळ घालत होते. तू उठलास. मला वाटलं मशीन बंद करशील. तू म्हणालास, "कोमेन झी, कोमेन झी! फिल्म!" आणि तिला बसायला खुर्ची पुढे केलीस.

ती बसली नाही. उभ्याने तिने पाहिलं, एक पोळी भाजून होईल एवढा वेळ. मग डबा बुटांच्या फळीवर ठेवला, "दांके" म्हणाली आणि खाली गेली. त्या दिवसापासून मी केलरमध्ये, तळघरात, कपडे धुवायला गेले की ती आधीच धुऊन गेलेली असते.

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, "ते बंद कर."

"काय?"

"ती काळ्या माणसांची पिक्चरं."

"अक्का, कार्टून आहे ते. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं. तेव्हाचे लोक तसे होते."

"सेलाम आत्ताची आहे."

"तिला राग आला असं तिने सांगितलं तुला?"

"तिला तेवढं जर्मन येत नाही."

तू हसलास. मग शिक्षकासारखा समजावायला लागलास. चित्रं काळीपांढरी, अंग काळं, म्हणून अंगासमोर हात आला की दिसायचा नाही, तेव्हा हाताला पांढरे हातमोजे घातले. साधी गोष्ट आहे, तांत्रिक गोष्ट आहे. मी विचारलं, "आणि ओठ? ओठ कशासमोर दिसत नव्हते?" तू रिमोट उचललास आणि म्हणालास, "चहा टाक ना जरा."

मी चहा टाकला. माझी ही सवय मला आता चावते.

काळ्यासमोर काळं दिसत नाही हे मी आधी एकदा ऐकलं होतं. तुलाही ते ठाऊक होतं, तू तिथेच होतास. विट्याला मला बघायला आले होते तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. मुलाच्या वडिलांनी पोहे खाल्ले, चहा प्यायले आणि बाबांना म्हणाले, "मुलगी कामसू आहे हो, पण फोटोत दिसायची नाही." बाबा मान खाली घालून बसले. तू बाहेर गेलास. ते निघाले तर त्यांच्या चपला सापडेनात. अर्धा तास सगळी आळी शोधत होती. शेवटी म्हशीच्या दावणीत सापडल्या, आंबोणाच्या घमेल्यात, एकीवर एक नीट लावून ठेवलेल्या. बाबांनी तुला मारलं. मार खाताना तू त्या माणसाकडे बघत होतास, रडला नाहीस.

शिरू, माझं लग्न झालं नाही याचं मला फार कधी वाईट वाटलं नाही, ते त्या चपलांमुळे. माझ्या बाजूने कुणी तरी आहे एवढं मला पुरलं. आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी शाळा सोडली, त्याची फेड त्या एका दुपारी झाली असं मी धरून चालले.

म्हणून मला कळत नाही, पाटणकरांच्या बोलण्यावर तू कसा हसलास.

इथल्या मराठी मंडळाचा बालदिन ठरवायला ते आणि त्यांची बायको शुभदावहिनी आपल्याकडे आले होते. पाटणकर अध्यक्ष, शिवाय तुझ्याच कंपनीत तुझ्या वरचे, तुझी इथली नोकरी त्यांच्या शब्दामुळे झाली, हे सगळं मला माहीत आहे. तू प्रोजेक्टर दाखवलास. कल्पनाही तुझीच. जुन्या कार्टूनचा शो, आणि शेवटी मुलांनी त्या पिक्चरांतलेच पोशाख करून नाच करायचा. तोंड काळं, ओठ पांढरे, हातात पांढरे हातमोजे. शुभदावहिनी टाळ्या वाजवून म्हणाल्या, "किती क्यूट!" घरटी पंधरा युरो वर्गणी ठरली. हॉल, प्रोजेक्टरचा नवा दिवा, हातमोजे, खाऊ.

सई पाटणकरांच्या पुढ्यात उभी होती. त्यांनी तिची हनुवटी धरली आणि म्हणाले, "हिला मध्ये उभी करा रे शिरीष. आत्यावर गेलीये, रंगाचा खर्च वाचला!"

सगळे हसले. वैशाली बशीतली बिस्किटं सारखी करत होती, तीही थोडी हसली. मी तुझ्याकडे बघितलं. तू हसलास. मोठ्याने, मान मागे टाकून, पाटणकरांच्या गुडघ्यावर थाप मारून हसलास.

सईला ते सगळं मराठी कळलं होतं. ती समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, म्हणून लोकांना वाटतं तिला कळत नाही. पाहुणे गेल्यावर तिने मला न्हाणीघरात नेलं, माझा हात आणि तिचा हात आरशासमोर एकाशेजारी एक धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग हात धुवायला लागली. साबणाने, कोपरापर्यंत.

हे मी तुला सांगितलं नाही. सांगायचं होतं. मनाशी वाक्यं जुळवत होते. मला वाक्यं जुळवायला वेळ लागतो.

त्यानंतरच्या शनिवारी तू स्वयंपाकघरात आलास, वाइनच्या बाटलीचं बूच घेऊन. मेणबत्ती पेटवून बूच जाळलंस. सगळ्या घरात करपट वास. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणालास, "रंग विकत कशाला आणायचा? बुचाची काजळी. पाण्याने निघते, पोरांच्या कातडीला त्रास नाही." आणि आधी स्वतःच्या तोंडाला फासलीस. तुझा तो आईसारखा गोरा चेहरा. ओठांभोवती जागा सोडलीस, तिथे पीठ लावलंस. पॅसेजमधल्या आरशात बघून डोळे गरगरवलेस. सई मागून तुझ्यासारखीच पावलं टाकत होती. तू तिला शिकवत होतास, "गुडघे बाहेर, गुडघे बाहेर! बरोब्बर, गेनाऊ!"

"हे बुचाचं तुला कुठून सुचलं?" मी विचारलं.

"वाचलं कुठेतरी," तू म्हणालास. आरशातून माझ्याकडे बघितलंस आणि लगेच नजर काढून घेतलीस.

ती नजर मला तेव्हा कळली नाही. पुढच्या गुरुवारी तू कामावर कोसळलास आणि घरी आलाच नाहीस. मी वाक्यं जुळवतच राहिले.

तेरावा झाल्यावर पाटणकर आणि शुभदावहिनी पुन्हा आले. पाटणकर रडले, मनापासून रडले, ते मी नाकारत नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "वैशाली, हा शो शिरीषची शेवटची इच्छा होती. आपण तो करायचा. त्याला श्रद्धांजली म्हणून. आणि सई मध्ये नाचेल, बाबासाठी."

वैशालीने मान हलवली. सई उडी मारून उठली. तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. तू शिकवलेली पावलं तिने तिथल्या तिथे करून दाखवली. गुडघे बाहेर.

मी दारात उभी होते. माझ्या तोंडातून एवढंच आलं, "चहा ठेवू?"

दुसऱ्या दिवशी वैशालीने मला तुझ्या कपाटातून विम्याचे कागद शोधायला सांगितले. तिथे निळ्या फाइलमध्ये तुझं भाषण सापडलं. शोच्या आधी करायचं भाषण, चार पानं, तुझ्या सुंदर अक्षरात. मी हळू वाचते. ओळीखाली बोट ठेवून वाचलं. सगळं वाचायला मला दुपार गेली.

तू लिहिलं होतंस की ही कार्टूनं कागदावर नाही, रंगमंचावर जन्माला आली. अमेरिकेत गोरे नट बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचे, ओठांभोवती पांढरी जागा सोडायचे, पांढरे हातमोजे घालायचे आणि काळ्या गुलामांची नक्कल करायचे. गुलाम कसा आळशी, कसा भित्रा, कसा कोंबड्या चोरतो, आणि मालकाच्या घरी कसा आनंदात नाचतो. लोक तिकीट काढून हसायचे. ज्यांना साखळ्यांत बांधून आणलं, ज्यांची पोरं बाजारात विकली, त्यांना नाचायला हौस आहे असं दाखवायचं, म्हणजे बघणाऱ्याला झोप नीट लागते. हे झोपेचं वाक्य तुझंच आहे. पुढे चित्रं हलायला लागली तेव्हा चित्रकारांनी तोच नट उचलला. तोंड काळं, डोळे मोठे, हातमोजे तसेच. नंतर त्याला कान लावले, शेपूट लावलं, आणि लोक विसरले की हा प्राणी नव्हता, माणसाची टवाळी होती. जिथे विसरू द्यायचं नव्हतं तिथे केसांत हाड खोवून माणूसच काढला.

हे सगळं तुला माहीत होतं, शिरू. बूच कुठून आलं ते माहीत होतं. हातमोजे कुठून आले ते माहीत होतं, आणि मला तू सांगितलंस, तांत्रिक गोष्ट आहे.

त्या चार पानांपैकी तीन पानांवर तू तिरकी रेघ मारली होतीस. लाल पेनाने. बाजूला लिहिलं होतंस, "हे नको. लोकांचा मूड जाईल." राहिलेल्या एका पानावर पाटणकरांचे आभार होते.

मी फिल्मचे डबे काढले. सगळ्यांवर तू नंबर घातले होतेस, शोमध्ये कुठली कधी लावायची ते. एकच डबा वेगळा, चिकटपट्टीने बंद केलेला. त्याच्यावर चिठ्ठी होती, "ही लावायची नाही. आपले लोक दुखावतील." मला ते मशीन चालवता येत नाही. मी फिल्मचं टोक खिडकीसमोर उजेडात धरलं. फेटा बांधलेला, बरगड्या दिसणारा एक माणूस. पुंगी, टोपली, नाग. पुढच्या चौकटींत तो एका गोऱ्या साहेबासमोर हात पसरतो आणि मान डोलावतो. आपण.

म्हणजे दुखतं हे तुला कळत होतं. कुणाला दुखू द्यायचं ते तू निवडलंस.

मी त्या खोलीत तुझ्या खुर्चीवर बसले आणि तुला शिव्या दिल्या. म्हशीला घालायच्या त्या शिव्या, बाबा द्यायचे त्या. पाटणकरांच्या शब्दाचं तुझ्यावर ओझं होतं हे मला दिसतं. इथे परका म्हणून जगताना साहेबाच्या विनोदाला हसावं लागतं, तेही दिसतं. मी काही आंधळी नाही. पण दहा वर्षांचा असताना तुझ्या अंगात जे होतं ते एवढं शिकून कुठे गेलं? मी चौथी शिकले आणि तुला इंजिनियर केलं. ते तू हसावंस म्हणून नाही.

वैशाली आली तेव्हा मी पानं तिच्यापुढे ठेवली. तिने उभ्यानेच वाचली, पर्स खांद्यावर तशीच. डबाही दाखवला. तिने पानं मिटून माझ्याकडे परत दिली.

"अक्का, आता तो नाहीये. कशाला उकरायचं?"

"सई आहे."

"तिला नाचायचंय हो. त्याचं शेवटचं काहीतरी होऊ दे ना."

"वैशाली, पाटणकर पहिल्यांदा आले होते त्या दिवशी तिने कोपरापर्यंत हात घासले. काळा रंग जातो का बघायला."

तिला ते माहीत नव्हतं. ती खाली बसली. मग म्हणाली, "मी नाही सांगू शकत त्यांना. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही सांगा."

मी रविवारी पाटणकरांच्या घरी गेले. एकटी. एस-बानच्या लोकलने गेले, तू शिकवलंस तसं, स्टेशनं बोटांवर मोजत. शोची तयारी करायला मंडळाची नऊ-दहा माणसं जमली होती. टेबलावर पांढऱ्या हातमोज्यांचा ढीग.

"या अक्का! चहा घ्या," पाटणकर म्हणाले.

"सई नाचणार नाही. आणि हा शो करू नका."

सगळे एकदम बोलायला लागले. "अहो, लहान मुलांचा खेळ आहे." "बजेट गेलं त्यात." एक आयटीतला मुलगा म्हणाला, "अक्का, आपण स्वतःच ब्राउन आहोत, आपण कसे रेसिस्ट असू?" शुभदावहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "इतकं मनाला लावून घेऊ नका हो. काळ्या रंगाचं काय, कृष्णसुद्धा सावळाच होता."

"मग कृष्णासारखं सजवा," मी म्हटलं. "त्याला पांढरे ओठ काढून कुणी हसत नाही."

माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. मी पिशवीतून तो डबा काढला आणि हातमोज्यांवर ठेवला. "हे शिरूचं अक्षर आहे. वाचा."

पाटणकरांनी चष्मा लावून वाचलं. "ही लावायची नाही. आपले लोक दुखावतील. काय आहे यात?"

मी सांगितलं. फेटा, बरगड्या, पुंगी, पसरलेला हात, डोलणारी मान.

"छे छे, हे तर चूकच आहे!" तो आयटीतला मुलगा तावातावाने म्हणाला. "असं कसं दाखवतात हे लोक आपल्याला?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला पुढचं बोलावं लागलं नाही. त्याने हळूच हातातला हातमोजा खाली ठेवला. कुणीतरी खोकलं. शुभदावहिनी आत निघून गेल्या. पाटणकर एवढंच म्हणाले, "शिरीषने आम्हाला कधी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "तुमचा मूड जाईल म्हणून."

शो रद्द झाला. त्यांना पटलं म्हणून झाला की विधवेच्या घरची बाई हट्टाला पेटली म्हणून, मला माहीत नाही. दोघी-तिघी आता माझ्याशी बोलत नाहीत. आधीही फारशा बोलत नव्हत्या.

सई माझ्यावर ओरडली. मी वाईट आहे, तिच्या पापाचा, म्हणजे तुझा, नाच मी चोरला, असं जर्मनमध्ये म्हणाली आणि चार दिवस माझ्या हातचं जेवली नाही. पाचव्या दिवशी मी तिला जवळ घेऊन बसले आणि त्या पिक्चरांत कोण कुणाला हसतं ते माझ्या शब्दांत सांगितलं. गुलाम म्हणजे काय, ते सांगताना मला फार जड गेलं. तिने सगळं ऐकलं. मग सेलामबाईंना हसतात का, असं विचारलं. मी हो म्हटलं. "आणि मला हसतात का?" मी हो म्हटलं.

मग तिने विचारलं, "पापाला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही गं. माहीत असतं तर त्याने लावलंच नसतं."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तुझ्या नावाला तिच्या मनात काही लागू नये म्हणून मी तिच्याशी खोटं बोलले. बाकी सगळं एक दिवस निवळेल. आपण एका ताटात जेवलो आहोत, तू मला विमानात बसवलंस, माझ्या डोळ्यांना पहिला चष्मा तू घेतलास, तो लावूनच मी तुझी ती पानं वाचली. पण पोरीच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलायला लावलंस, ते मी तुला कधी माफ करणार नाही. ती मोठी होईल तेव्हा तिला तुझी फाइल देईन. तेव्हा तुझं तू बघ.

सेलाम आली नाही. तुझी बातमी तिला कळली असणार. तिने का यावं? मी एकदा तिच्या दाराशी गेले, बेल न दाबता परत आले. ते काम बाकी आहे, आणि ते माझं आहे.

वर्गणी दिलेली अकरा घरं होती. वैशाली म्हणाली, मंडळ बघेल. मी म्हटलं, पैसे शिरूने मागितले होते. हॉलवाल्यांनी त्यांचे परत केले. दिवा आणि हातमोजे यांत गेलेले मी घातले, गेल्या दिवाळीत चकल्या करून दिल्या त्यातून साठलेले. पाकिटं केली, प्रत्येकावर नाव लिहिलं, आणि रोज दोन घरं असं करत दारोदार गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं, "तो शो चुकीचा होता, म्हणून हे परत." काहींनी मान हलवली. एका बाईने मला आत बोलावलं, तिची मुलगीही सावळी आहे. तिने माझ्या हातावर साखर ठेवली.

पाटणकरांचं घर मी शेवटी ठेवलं होतं. काल गेले. दार त्यांनीच उघडलं.

"अहो अक्का, पंधरा युरोंचं काय घेऊन बसलात? राहू द्या शिरीषच्या नावाने."

"या कार्यक्रमाचं काही त्याच्या नावाने ठेवायचं नाही."

ते पाकीट तसंच खिशात टाकायला लागले.

"मोजून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाकीट उघडलं, आणि दारात उभ्या उभ्या मोजले. दहाची एक नोट, पाचची एक. अकराही घरांचे पैसे पूर्ण परत झाले.